आवाज बदलू न देणाऱ्या हेडबाई

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावर विराजमान झालेले आमचे निर्माते, वाहिनीच्या कार्यक्रमप्रमुख बाईसाहेब, आजच्या सत्कारमूर्ती म्हणजे आमच्या दिग्दर्शिका, समोर बसलेले माझे सहकलाकार, लेखक महाशय, कॅमेरा, प्रकाश, रंगभूषा आणि वेशभूषा सांभाळणारी मंडळी, इतकी वर्षं ज्यांना आपण कायम शिडीवर चढलेलंच पाहिलं आणि आज प्रथमच खुर्चीवर टेकलेले दिसताहेत ते आमचे सेटिंगवाले, आणि ज्यांनी आमची वाढलेली ताटं झाकून ठेवली त्या घरच्या सगळ्यांना माझा नमस्कार.

मागच्या रांगेपर्यंत पोचतंय ना? हात वर करा. हां, पोचतंय. माझा आवाज तुम्हाला ठाऊक आहे, पण इथे काही पाहुणे पहिल्यांदाच आले आहेत. त्यांना सांगतो, मला सर्दी झालेली नाही. हा आवाज असाच आहे. आणि तो असा आहे, तरी मी तुमच्यासमोर उभा आहे, याचं कारण तिथे मधल्या खुर्चीवर बसून माझ्याकडे डोळे वटारून बघतंय. त्यांनी मला आत येतानाच बजावलंय, "भाषण लांबवलंत तर मी मधूनच 'कट' म्हणेन." म्हणोत बापड्या. आज कॅमेरा त्यांचा नाही.

निरोपाच्या दिवशी माणूस एकदम मृदुभाषी, मनमिळाऊ, अजातशत्रू वगैरे होतो. माझ्या आधीच्या वक्त्यांनी बाईंना मृदुभाषी म्हटलं तेव्हा प्रकाशयोजनेवाल्यांच्या रांगेतून खोकल्याची साथ आली, ती मी ऐकली. मंडळी, ज्यांना आपण सगळे पाठीमागे 'हेडबाई' म्हणतो आणि ज्यांना ते पहिल्या आठवड्यापासून ठाऊक आहे, त्या मृदुभाषी कशा असतील? चूक झाली की त्या ओरडत नसत. चष्मा काढायच्या, पुसायच्या आणि म्हणायच्या, "पुन्हा." त्या 'पुन्हा'ला जी धार होती तिने चांगल्या चांगल्यांच्या तोंडचं पाणी पळालंय.

पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगतो. आपली मालिका होती एका लिलावगृहाची. चित्रं, मूर्ती, जुनी घड्याळं विकणारं एक घराणं. मी त्या घराण्याचा थोरला, व्यासपीठावर उभा राहून लिलाव पुकारणारा. गर्व कशाचा, तर आमच्या घराने आजवर एकही नकली वस्तू विकली नाही. मालिकेचं काम सुरू होण्याआधी हेडबाई आम्हा सगळ्यांना एका खऱ्या लिलावाला घेऊन गेल्या. मागच्या रांगेत बसवलं आणि ताकीद दिली, "हात मांडीवर ठेवा. कोणी कान खाजवला तर चित्र गळ्यात पडेल आणि निर्माते पैसे देणार नाहीत." आमच्या रंगभूषाकारांना नेमकी त्याच वेळी शिंक आली. ती त्यांनी कशी गिळली ते त्यांचं त्यांनाच माहीत, पण डोळ्यांतून पाणी काढत बसलेल्या त्या गृहस्थाकडे बघून शेजारच्या बाई म्हणाल्या, "फार हळवे दिसतात हो, चित्र बघून रडताहेत."

त्या दिवशी बाहेर पडताना हेडबाईंनी मला विचारलं, "काय बघितलंत?" मी म्हटलं, "आवाज. काय खणखणीत आवाज आहे त्या माणसाचा!" त्या म्हणाल्या, "मला तर तो गप्प राहिलेला जास्त दिसला. तो थांबतो. लोकांना मोह पडायला वेळ देतो." मी मान डोलावली आणि विसरून गेलो. आपल्याजवळ जे आहे त्याचाच माणसाला अभिमान असतो. माझ्याजवळ आवाज होता. नाटकात उमेदवारी केली तेव्हापासून लोक मला आवाजावरून ओळखायचे. टॅक्सीत बसून पत्ता सांगितला की चालक आरशात बघायचा. 'एक वार... दोन वार...' असं मी मालिकेत म्हणायचो आणि लहान मुलं घरोघरी लाटण्याने पाट बडवायची, असं त्यांच्या आयांनी मला भेटून तक्रारीच्या सुरात सांगितलंय.

आणि मग घशात गाठ निघाली.

त्याचं वर्णन करून तुमचा समारंभ कडू करणार नाही. डॉक्टरांनी जीव वाचवला. माझ्या गळ्यात ज्या दोन तारा होत्या त्यांतली एक त्यांना काढावी लागली, एवढंच. शस्त्रक्रियेनंतर बरेच दिवस बोलायला बंदी होती. बंदी उठली तेव्हा मी आमच्या घरच्यांना हाक मारली. त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, ते कुकरचं झाकण नीट बसलेलं नाही वाटतं, वाफ निघतेय." वाफ नव्हती हो, मी होतो.

त्या इथेच बसल्या आहेत. त्यांनी हा विनोद मला नंतर पुष्कळ वेळा सांगू दिलाय. त्या दिवशी मात्र आम्ही दोघंही हसलो नव्हतो.

आता कामाचं काय? निर्मात्यांनी फार चांगुलपणा दाखवला. बदली नट घेण्याऐवजी त्यांनी एक तोड काढली. एक गुणी नकलाकार शोधून काढला. मी ओठ हलवायचे, आवाज त्याने द्यायचा. तो तरुण माझा जुना आवाज असा हुबेहूब काढायचा की ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मी तो पहिल्यांदा ऐकला आणि मला रडूच फुटलं. मेलेलं माणूस दारात उभं राहावं तसं वाटलं. मी निर्मात्यांना मिठी मारली. झालं, प्रश्न सुटला!

हेडबाई कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढला.

बाहेरच्या बोळात आमची गाठ पडली. मी फुसफुसत विचारलं, "छान झालंय ना?"

"नक्कल छान आहे," त्या म्हणाल्या.

"नक्कल तर नक्कल. लोकांना कळणार नाही."

"'लोकांना कळणार नाही' हे वाक्य आपल्या मालिकेत खलनायकाचं आहे. तुमचं नाही."

मला संताप आला. म्हटलं, "बाई, माझा गळा म्हणजे आता फुटकं मडकं आहे. फुटकी वस्तू कोण विकत घेतं?"

त्यावर कुणीही दुसरी बाई म्हणाली असती, असं नका बोलू, तुमचा आवाज अजून सुंदर आहे. हेडबाई म्हणाल्या, "घेतात. कमी किमतीला घेतात, पण घेतात. नकली वस्तू एकदा कळली की फुकटातही कोणी नेत नाही."

"तुमचं बोलणं सोपं आहे. चिरलाय तो घसा माझा आहे!"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "हो. तुमचाच आहे," आणि निघून गेल्या.

मंडळी, आपल्याला वाटतं चांगली माणसं नेहमी जिंकतात. त्या दिवशी हेडबाई हरल्या. निर्माते, वाहिनी, लेखक आणि सर्वांत पुढे मी, असे सगळे एका बाजूला आणि त्या एकट्या एका बाजूला. उसन्या आवाजाचा भाग प्रसारित झाला. लोकांना खरोखरच कळलं नाही. शेजारी म्हणाले, "वा, आजारपणाचा मागमूससुद्धा नाही!" मी दोन दिवस हवेत होतो.

इथे मला माझ्या आईबद्दल सांगावं लागेल.

आई गावी राहायची, माझ्या धाकट्या भावाकडे. वय झालेलं, डोळे अधू, पण कान असे तिखट की पलीकडच्या घरात भांडं पडलं तर ते पितळेचं की स्टीलचं ते सांगायची. तिला आम्ही शस्त्रक्रियेचं कळू दिलं नव्हतं. 'घशाला आराम सांगितलाय' एवढंच सांगितलं होतं. फोनवर माझ्या वतीने आमच्या घरच्याच बोलायच्या. तो भाग तिने ऐकला, ऐकलाच म्हणायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच तिचा फोन आला. मी शेजारीच बसलो होतो, सगळं ऐकू येत होतं.

"सूनबाई, तो बरा झाला म्हणायचा. काल टीव्हीवर चांगला गरजत होता की! मग माझ्याशी का बोलत नाही? रुसलाय का माझ्यावर? माझं काही चुकलं का?"

'माझं काही चुकलं का'! जिने मला बोलायला शिकवलं ती बाई विचारत होती. मी फोन ओढून घेतला. सगळा जीव गोळा करून म्हटलं, "आई, मी बोलतोय."

पलीकडून ती अगदी अदबीने म्हणाली, "आपण कोण? जरा माझ्या मुलाला फोन देता का?"

आमच्या घरच्यांनी फोन घेतला आणि काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

मी तसाच उठलो आणि हेडबाईंच्या घरी गेलो. त्या गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. मला बघून त्यांना नवल वाटलं असेल, पण तसं दाखवतील तर त्या हेडबाई कसल्या! बादलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "चादरीचं ते टोक धरा." मी धरलं. चादर पिळता पिळता मी सगळं सांगितलं. त्यांच्या जागी मी असतो तर 'मी म्हटलं नव्हतं?' हे तीन शब्द माझ्या तोंडून सुटलेच असते. त्यांनी फक्त विचारलं, "आईंना शेवटी कळलं का, की ते तुम्हीच होता?"

"नाही."

"मग इथे काय करताय? आधी गावी जा. चित्रीकरण कुठे पळून जात नाही. बाकीचं मी बघते."

मी गेलो. आईच्या खाटेवर बसलो. तिचा हात उचलून माझ्या गळ्यावरच्या व्रणावर ठेवला आणि म्हटलं, "आई, माझा आवाज आता असा झालाय." तिने बोटं फिरवून तो व्रण चाचपला. रडली नाही. म्हणाली, "मेल्या, मला आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तुला त्रास होईल म्हणून." यावर ती म्हणाली, "बोल. बोलत राहा. मला सवय व्हायला हवी."

संध्याकाळ होईपर्यंत ती मला बोलायला लावत होती. शाळेतल्या कविता, बहिणीच्या लग्नातले घोटाळे, वडिलांची सायकल चोरीला गेली तो किस्सा. मधेच म्हणायची, "थांब, श्वास घे, मग पुढे." जेवायला वाढताना भावाला म्हणाली, "अरे, आवाज बदलला तरी 'अगं' म्हणताना तो तसाच ओढतो बघ." तिला मी सापडलो होतो.

इकडे हेडबाईंनी काय बघितलं? ते मला आमच्या निर्मात्यांनी पुष्कळ दिवसांनी सांगितलं. निर्माते हसताहेत, म्हणजे परवानगी आहे. वाहिनीच्या कचेरीत बैठक झाली. बाईसाहेब, त्या वेळी आपण या पदावर नव्हता, तेव्हा निर्धास्त ऐका. तिथल्या मंडळींचं म्हणणं, असा घोगरा आवाज संध्याकाळच्या मुख्य वेळेत चालणार नाही. हेडबाई म्हणाल्या, "मग दुपारी चालवा." मंडळी चपापली. दुपारची वेळ म्हणजे उतरती कळा, हे टीव्हीच्या धंद्यात शेंबडं पोरही सांगेल. शिवाय संध्याकाळच्या एका मोठ्या नव्या मालिकेसाठी हेडबाईंचं नाव जवळजवळ ठरलं होतं. त्यांना सुचवण्यात आलं, की हट्ट धरलात तर तेही जाईल. त्या म्हणाल्या, "जाऊ दे." आणि ते गेलं. दुसऱ्या कुणाकडे गेलं. हे त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. मला कळल्यावर मी विचारायला गेलो, तर म्हणाल्या, "दुपारी बघतात ती काय माणसं नसतात? जा, रंग लावून बसा."

आता ह्या आवाजातल्या चित्रीकरणाच्या पहिल्या दिवसाबद्दल. तुमच्यापैकी बरेच जण तिथे होते, तुम्ही म्हणाल, आम्हालाच काय सांगता? पण पाहुण्यांना ऐकू द्या.

लेखक महाशयांनी नवा प्रसंग लिहिला होता. थोरले साहेब आजारातून उठून पुन्हा लिलावाला उभे राहतात. एका बाईचं चित्र, चित्रकार अज्ञात. कथेप्रमाणे दोनतीन बोल्या लागायच्या आणि चित्र खलनायक व्यापाऱ्याने स्वस्तात उचलायचं. मालिकेतली माझी मुलगी बाजूला उभी. ही आमची कन्या, ती बघा, आत्तापासूनच रुमाल काढून बसलीय. चित्रीकरण नसतानाही ती मला 'बाबा'च म्हणते.

सुरुवात बरी झाली. पहिली बोली, दुसरी बोली. आणि तिसरीला आवाज गेला. नळाचं पाणी जातं तसा, थोडी घरघर आणि मग काही नाही. मी तोंड उघडतोय, बाहेर काही येत नाही. दिवे तापलेले, सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मी हेडबाईंकडे बघितलं. डोळ्यांनी विनवलं, आता तरी 'कट' म्हणा. त्या म्हणाल्या नाहीत. चष्म्यालाही हात लावला नाही. नुसत्या बघत राहिल्या, मला पुरेल इतका वेळ आहे अशा.

ती शांतता मला आजही घाम फोडते.

आणि दुसऱ्या रांगेत एक पाटी वर झाली.

लिलावात बोली लावताना क्रमांकाची पाटी वर करतात. खुर्च्यांवर बसणाऱ्या आमच्या मंडळींना त्या पाट्या नुसत्या हातात धरायला दिलेल्या असत. सांगितल्याशिवाय वर करायच्या नाहीत, हा हेडबाईंचा पहिला नियम. ती पाटी होती आमच्या मावशींची. पहिल्या भागापासून दुसऱ्या रांगेत बसून, दोन दृश्यांच्या मधे स्वेटर विणणाऱ्या, एकही वाक्य वाट्याला न आलेल्या मावशी. त्या पाटी वर करून माझ्याकडे बघत होत्या. शाळेतल्या पोराला पुढचं आठवेना की बाकावरून कुणी ओठ हलवून धीर देतं ना, तसा चेहरा. बोली लागली म्हणजे मला काही बोलायला नको, नुसतं मानेने स्वीकारायचं! मी मान हलवली. मग मागून एक पाटी आली. मग खिडकीजवळून. बघता बघता सगळा कक्ष बोली लावू लागला. आमचे खलनायक कसलेले नट, त्यांना काय चाललंय ते कळेना, पण मागे हटतील तर ते खलनायक कसले? त्यांनीही पाटी उंचावली. कन्या माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि आकडे पुकारू लागली. आणि त्या सगळ्या गलबल्यात माझा श्वास परत आला. मी हात वर केला, सगळे थांबले, आणि आत्ता तुम्ही ऐकताय ना, ह्याच आवाजात मी म्हटलं, "एक वार. दोन वार. तीन वार."

चित्र मावशींना गेलं होतं.

"कट," हेडबाई म्हणाल्या. सगळे अपराध्यासारखे उभे. त्या सावकाश चालत दुसऱ्या रांगेपाशी गेल्या. म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला कुणी सांगितलं होतं पाटी वर करायला?"

मावशी घाबरून म्हणाल्या, "कुणी नाही हो बाई. राहवलं नाही."

"आता एवढं महाग चित्र घेतलंत. तुम्ही कोण, कुठल्या, ते चित्र तुम्हाला कशाला हवं होतं, हे उद्यापर्यंत ठरवायला हवं." मग वळून, "लेखक कुठे आहेत?"

लेखक महाशय डोकं धरून खाली बसले होते. त्यांनी पुढच्या महिन्याभराची कथा लिहून तयार ठेवली होती, ती सगळी पाण्यात गेली. पण त्यातून जी मावशी जन्मली, चित्रातल्या बाईची धाकटी बहीण, ती तुम्हा सगळ्यांची लाडकी झाली. मावशी आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. परवा त्यांना रस्त्यात कुणी सही मागितली तर त्या म्हणाल्या, "कशावर करू? पाटी आणली नाहीये."

आपली मालिका दुपारी गेली, आणि दुपारीच टिकली. मोठी गाजली असं मी म्हणणार नाही. कमी किमतीला गेली, पण गेली. सगळ्यांच्या चुली पेटत राहिल्या. तो नकलाकार तरुणही आपल्याकडेच राहिला, स्वतःच्या आवाजात आमच्या हिशेबनिसाची भूमिका करत. तीही हेडबाईंचीच करामत.

आता फार बोलत नाही. त्या घड्याळाकडे बघताहेत.

बाई, एक गोष्ट मी तुम्हाला आजवर सांगितलेली नाही. समोरासमोर सांगायला गेलो असतो तर तुम्ही मला चादरीचं टोक धरायला लावलं असतं. गेल्या हिवाळ्यात आई गेली. तुम्ही भेटायला आला होतात, पण त्या गर्दीत बोलणं झालं नाही. त्याआधीचं सबंध वर्ष, दुपारी आपला भाग संपला की तिचा मला फोन यायचा. रोज. आज बोलताना घाई केलीस. आज बरा होतास. त्या पोरीवर उगाच ओरडलास. मग मालिका बाजूला राहायची आणि आम्ही बोलत बसायचो. तरुणपणी कामाच्या धबडग्यात मी आईशी कधी इतका बोललो नव्हतो. शेवटच्या दुपारी तिने फोन ठेवताना विचारलं, "उद्या आहेस ना?" मी म्हटलं, "आहे." तिने माझ्या ह्या आवाजाला ओळखलं होतं आणि ह्याच आवाजाचा निरोप घेऊन ती गेली. तुम्ही त्या दिवशी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत आम्हा सगळ्यांसारखंच 'छान झालंय' म्हणाला असतात, तर ते वर्ष मला मिळालं नसतं.

उद्यापासून तुम्ही तुमच्या थोरल्या बहिणीकडे राहायला जाणार. तिथे टीव्ही नाही, असं तुम्ही मोठ्या आनंदाने सगळ्यांना सांगत सुटला आहात. जा, सुखाने राहा. दोघी बहिणींनी मनसोक्त भांडा. आम्ही अधूनमधून येत जाऊ, तुमच्या हाताखाली कपडे पिळायला.

अध्यक्ष महाराज, मला बोलू दिलंत, आणि ठरल्यापेक्षा बरंच जास्त बोलू दिलंत, याबद्दल आपला ऋणी आहे. संयोजकांचे, ध्वनिक्षेपक सांभाळणाऱ्यांचे आणि कान टवकारून ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. थोरामोठ्यांच्या देखत जीभ सैल सुटली असेल, कुणाचा उल्लेख राहून गेला असेल, थट्टेत कुणी दुखावलं असेल, तर ते आजच्या दिवसापुरतं पोटात घाला. आणि बाई, तुमच्यापुरतं सांगायचं तर माझ्या आईचेही आभार ह्यातच धरा. ती तुम्हाला भेटली नाही. तुमच्याबद्दल मी तिला सगळं सांगितलं होतं. ऐकून ती म्हणाली होती, "त्या बाईंना सांग, माझा मुलगा मला मिळाला."

सांगितलं.